लेप, गिलावा आणि गणपती: प्लास्टरची गोष्ट

पेणच्या किंवा हमरापूर-जोह्याच्या एखाद्या गणपती कारखान्यात पीओपीची मूर्ती साच्यातून निघते, तेव्हा तिला हात लावून पाहावा. ती गरम लागते. जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. ते साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते, तीच पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. ती पाण्यात कालवली की गेलेलं पाणी परत ओढून घेते, उष्णता बाहेर टाकते आणि सुयांसारखे स्फटिक एकमेकांत गुंतून काही मिनिटांत घट्ट होते. डच लष्करी सर्जन अँटोनियस मॅथिसन यांनी १८५२ मध्ये हीच भुकटी कापडी पट्ट्यांना चोळून मोडलेलं हाड बांधायची पद्धत प्रसिद्ध केली. आपण हाताला 'प्लास्टर घालतो' ते त्यांच्यामुळे.

शब्द मात्र फार जुना. त्याचं मूळ ग्रीक भाषेत, लिंपणं आणि घडवणं या अर्थांच्या क्रियापदांत. आधी तो जखमेवरच्या लेपाला लागला, मग भिंतीच्या गिलाव्याला. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या जिप्सम खाणींमुळे त्याला पॅरिस चिकटलं, आपल्याकडचं बहुतेक जिप्सम राजस्थानात निघत असलं तरी! 'प्लास्टिक'ही याच कुळातला. घरांना आज सिमेंटचा गिलावा होतो, त्यात पॅरिसचं काहीच नसतं, तरी गवंडी प्लास्टरच म्हणतो.

शाडूच्या मूर्तीचं वेगळं. तिथे रासायनिक क्रिया होतच नाही. माती नुसती वाळते, म्हणून पाण्यात पडली की काही तासांत सुटते. पीओपीची मूर्ती मात्र घट्ट होताना पुन्हा जिप्समच होते, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे पाच किलोच्या मूर्तीला निदान दोन हजार लिटर पाणी हवं. रोह्याच्या कुंडलिकेत किंवा गावच्या तळ्यात दिसणारे अर्धवट गणपती हा या आकड्याचा परिणाम, आणि ते पाहवत नाहीत.

जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती घडवायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र परवानगीशिवाय मनाई ठेवली. पेणच्या कारागिरांचं पोट या हंगामावर आहे, त्यामुळे विसर्जनाचा प्रश्न रसायनशास्त्रानेच सोडवायला हवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्याची वाट दाखवली आहे: बादलीत अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण करून त्यात मूर्ती ठेवायची. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वर उरतं ते अमोनियम सल्फेट, शेतकऱ्याच्या ओळखीचं खत.