भूमिगत नाणी आणि सराफाची पेढी

बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला काकती हे गाव वसलेले आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचा जन्म १७७८ साली याच गावच्या देसाई घराण्यात झाला. ज्या गावाशी एखाद्या राजघराण्याचे नाव निगडित असते, त्या गावच्या मातीत धन पुरलेले आहे अशी समजूत बहुधा असतेच. काकतीच्या बाबतीत तर त्या समजुतीस इतिहासाचा आधारही जोडता येतो. १८२४ साली धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने कित्तूरच्या खजिन्यास मोहोर लावली, २३ ऑक्टोबर रोजी तो लढाईत मारला गेला, आणि डिसेंबरमध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. खजिना म्हटला की त्यातला काही भाग कोठेतरी लपवला असणार, असे मनुष्य सहज मानतो. माहेरच्या गावाचे नाव मग आपोआप पुढे येते.

पूर्वी अशा समजुतीपायी लोक मांत्रिकाच्या नादी लागत. सांप्रत त्यांच्या हाती मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, आले आहे. हे यंत्र घरबसल्या मागवता येते. इंग्लंडात हा छंद फार मोठ्या प्रमाणावर चालतो. २००९ साली स्टॅफर्डशायर परगण्यातील एका शेतात अशाच यंत्राने अँग्लो-सॅक्सन काळातील सुवर्णवस्तूंचा फार मोठा साठा उघडकीस आणला. तथापि तेथे १९९६ चा निधिविषयक कायदा आहे, आणि १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी सरकारी योजनाही आहे. आपल्याकडे यंत्र आले; पण नोंदीची सवय आली नाही. या लेखाचा विषय तो आहे, आणि त्याचा संबंध थेट आपल्या पेढीशी पोहोचतो.

यंत्राची रचना समजून घेण्याजोगी आहे. तारेच्या गुंडाळीतून उलटसुलट विद्युत्प्रवाह सोडला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात धातू आला तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात; ते गुंडाळीस जाणवतात आणि कानात ध्वनी उमटतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण योजले होते. ते कार्यसिद्धीस गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसात्स्की या अधिकाऱ्याने पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी हाती धरून फिरवता येणारे यंत्र सिद्ध केले. आजच्या छंदिष्टांचे यंत्र त्याच कुळातले. रुपयाएवढे नाणे वीतभर खोल असेतोवर त्यास सापडते; त्याखाली साधारण यंत्राची मजल फारशी जात नाही. शिवाय आपल्या भागातील जांभ्याची तांबडी माती लोहयुक्त असल्यामुळे यंत्र उगाचच आवाज करते. त्यात शेताशेतांतून बैलांचे झिजलेले नाल, खिळे आणि नांगराच्या फाळाचे तुकडे पडलेले. दिवसभर फिरून ओंजळभर गंज पदरी घेऊन परतणाऱ्याची कीव करावी, की त्याच्या चिकाटीचे कौतुक करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे!

तरीही नाणी सापडतात. ती केवळ यंत्राने नव्हे, तर घराचा पाया खणताना, विहीर उपसताना, रस्ता रुंद करताना जेसीबीच्या दातांखालीही. ती तेथे का असतात, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. बँका नव्हत्या त्या काळी जमीन हीच तिजोरी होती. मार्च-एप्रिल १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने बेळगावच्या किल्ल्यास वेढा घातला. १८७६ ते १८७८ या काळात मोठा दुष्काळ पडला. पुढे प्लेगच्या साथीत लोकांनी घरेदारे सोडून रानात झोपड्या बांधल्या. अशा प्रत्येक प्रसंगी कोणीतरी चुलीमागे वा परसात गाडगे पुरले, आणि ते काढण्यास परत आला नाही. तेव्हा भूमिगत गाडगे म्हणजे बहुधा राजाचा खजिना नसून तुमच्याआमच्यासारख्याच एखाद्या गृहस्थाची अपुरी राहिलेली खातेवही होय.

त्या खातेवहीत काय काय आढळते? मराठ्यांची तांब्याची शिवराई तर असतेच. बेळगावचे मोगली नाव आझमनगर. त्या टाकसाळीच्या नावाचे रुपये नाणेशास्त्रज्ञांस परिचित आहेत. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे आपल्या वर्गास विशेष जवळचे वाटावेत. त्यांच्या एका बाजूस कंपनीच्या मालाच्या गाठींवर मारावयाची हृदयाकृती व्यापारी खूण असे, आणि दुसऱ्या बाजूस तराजू व त्याच्या पारड्यांमध्ये ‘अदल’, म्हणजे न्याय, हा फारसी शब्द. १८०४ चे पैसे तर विलायतेत बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत पाडून आणलेले. गाठीवरची खूण आणि तराजू नाण्यावर घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी पुढे येथे काय केले, हे सर्वश्रुतच आहे. १८३५ नंतर सर्वत्र एकच रुपया चालू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर १८७६ पर्यंत ‘राणी’ आणि १८७७ पासून ‘सम्राज्ञी’ अशी पदवी येते, एवढ्यावरूनही जाणता सराफ क्षणात काळ सांगू शकतो. खरे म्हणजे निरनिराळ्या टाकसाळींच्या रुपयांवर बट्टा आकारणारा जुना सराफ हाच आपल्याकडचा पहिला नाणेशास्त्रज्ञ! त्याने कस पाहण्यासाठी मारलेले टोचे आजही मोगली व कंपनीच्या रुपयांवर दिसतात.

आता मुख्य मुद्दा. एकटे नाणे फार थोडे बोलते. ते कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडले, हे कळले तरच ते साक्ष देते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव करून त्यांचे चलन आपलेसे केले, याचा इतका निर्णायक पुरावा दुसरा नाही. तो साठा मुठीमुठीने निरनिराळ्या मुशींत गेला असता, तर इतिहासाचे ते पान कायमचे कोरे राहिले असते.

आणखी जवळचे आणि आपल्या समाजास अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण खानापूर तालुक्यातील हलशीचे आहे. ही कदंबांची प्राचीन पलाशिका. एकोणिसाव्या शतकात तेथे ताम्रपट सापडले, आणि फ्लीट या विद्वानाने ते वाचून प्रसिद्ध केले. पाचव्या-सहाव्या शतकांतील ते पट प्रामुख्याने जैन दानांचे आहेत. मृगेशवर्म्याने पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधून यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या संघांस ३३ निवर्तने भूमी दिली. रविवर्म्याने कार्तिकी उत्सवाची आणि वर्षाकाळात साधूंच्या निर्वाहाची व्यवस्था लावून दिली. यापनीयांसारखा पुढे लुप्त झालेला संघ या भूमीत एके काळी राजमान्य होता, हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो, ते या मूठभर तांब्याच्या पत्र्यांच्या आधारावर. धातुशोधक यंत्रास तांबे आणि ताम्रपट यांतला भेद कळत नाही. यंत्र चालवणाऱ्यासही बहुधा कळत नाही. तो पत्रा भंगाराच्या भावाने तराजूत पडला, तर तो भेद ओळखणारा शेवटचा मनुष्य म्हणजे पलीकडे बसलेला दुकानदार.

कायदा याविषयी काय म्हणतो, तेही ध्यानात ठेवले पाहिजे. आपली संकेश्वर-निपाणीकडील उलाढाल दोन राज्यांत पसरलेली आहे. महाराष्ट्राच्या बाजूस १८७८ चा भारतीय निधी कायदा लागू आहे. कर्नाटकाचा स्वतःचा कायदा १९६२ चा आहे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत लपलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने ते काय, कोठे व केव्हा सापडले हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, आणि धन सरकारी खजिन्यात जमा करावे किंवा त्याबद्दल जामीन द्यावा. चौकशीअंती कोणी मालक न निघाल्यास सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जमीनमालकास एक चतुर्थांश असा वाटा मिळू शकतो. सरकारने धन स्वतःकडे घेतल्यास धातूच्या किमतीवर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागतो. लपवणाऱ्याचा वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्यावाचून खणणे हा तर निराळाच गुन्हा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करावयाचा तर परवाना लागतो. ‘आम्ही फक्त मोड घेतली’ हे उत्तर अशा वेळी कितपत उपयोगी पडेल, याचा विचार आपल्या वकिलांशी करावा.

आणि कायद्याच्याही आधी आपल्याकडे श्रावकाचार आहे. समंतभद्राचार्यांनी अचौर्याणुव्रताचे लक्षण सांगताना दुसऱ्याचे ठेवलेले, पडलेले वा विसरलेले धन स्वतः न घेणे आणि दुसऱ्यास न देणे, असा अर्थ केला आहे. भूमिगत गाडगे म्हणजे ‘ठेवलेले आणि विसरलेले’ नव्हे तर दुसरे काय? तत्त्वार्थसूत्रात याच व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्याच्या नावाखाली खोट्याचा व्यापार. हे तिन्ही या एकाच विषयात एकवटलेले पाहून आश्चर्य वाटते.

तिसऱ्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यात आपल्यापैकी सुज्ञ माणसेही फसतात. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि रामपंचायतनाचे चित्र असलेली तांब्याची नाणी लाखो रुपयांना विकावयास येतात. कंपनीने असे चलन कधीही काढले नाही. ती अलीकडे पाडलेली टिकली आहेत. काहींवर १६१६ किंवा १७१७ सालही असते. विकणारा म्हणतो की या नाण्यावर वीज पडली आहे, ते तांदूळ ओढते, आणि परदेशी शास्त्रज्ञांस ते कोट्यवधींना हवे आहे. तांदूळ खरोखर हलताना दाखवतात. कारण दाण्यांत लोखंडाचा अंश बसवलेला असतो आणि जवळपास लोहचुंबक दडलेला असतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. ज्यास तांदूळ पाहावयाचा असेल त्याने आपल्याच दुकानातील मूठभर तांदूळ पुढे ठेवावा. विक्रेता तत्काळ दुसरे गिऱ्हाईक शोधू लागेल.

प्रश्न उरतो तो प्रामाणिक गिऱ्हाइकाचा. शेतकरी फडक्यात बांधून पाच-दहा काळवंडलेली नाणी आणतो आणि ‘शेठजी, काय येईल?’ असे विचारतो. त्याला घालवून दिले तर तो पुढच्या दुकानी जातो, आणि तेथे मूस तापलेलीच असते. यास्तव त्याला बसवून घ्यावे, गूळपाणी द्यावे, आणि कायद्याने त्याचा वाटा बुडत नाही हे प्रथम सांगावे. शेताचा सर्व्हे नंबर, किती हात खोल, गाडगे होते की सुटी नाणी, सोबत खापरे वा कोळसा होता काय, हे त्याच्याच तोंडून एका कागदावर उतरवावे. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, वजन टिपावे आणि तलाठ्यामार्फत वर्दी देण्यास त्यास साहाय्य करावे. ओळख पटवून घेण्यास कित्तूरच्या किल्ल्यातील संग्रहालय, धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेचे संग्रहालय आणि कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय ही ठिकाणे काकतीपासून काही फार दूर नाहीत. आणि वस्तू हातात असेतोवर तिला चिंच, लिंबू वा तेजाब लावू नये. तांब्यावरचा हिरवा थर घासून काढला की त्याखालची अक्षरेही निघून जातात. कोरड्या कागदात प्रत्येक नाणे वेगळे गुंडाळून वर क्रमांक घालावा, एवढे पुरे.