परदेशात माल बघायला निघालात? सिम स्वस्त नको, कामाचं घ्या



इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या व्हिडिओत आपण कस्टम ड्युटी बघितली, आयईसी कोड बघितला, सप्लायर कसा तपासायचा ते बघितलं. आज एक बारीक वाटणारा विषय घेऊ. तिकडे उतरल्यावर मोबाईलमध्ये सिम कुठलं टाकायचं?

सहलीला जाणारा माणूस एकच हिशोब करतो : किती पैशात किती जीबी. त्याचं बरोबरच आहे. त्याला मॅप बघायचा असतो, चार फोटो पाठवायचे असतात. तुम्ही धंद्याला निघालात. तुमच्या मागे इकडे दुकान चालू आहे, पगाराची तारीख जवळ आलीये, गोडाऊनमध्ये माल भरून गाडी उभी आहे. त्यामुळे तुमच्या फोनला तिकडे तीन वेगवेगळी कामं करावी लागतात. भारतातला नंबर जिवंत ठेवायचा, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. व्हॉट्सॲप आणि मेल चालू ठेवायचे, कारण रेट आणि फोटो त्यावर येतात. आणि तिकडच्या व्यापाऱ्याला, ड्रायव्हरला तुम्हाला फोन लावता आला पाहिजे. गंमत अशी की ही तिन्ही कामं एकच सिम सगळ्या देशांत करत नाही. चीनमध्ये जे सिम सगळ्यात स्वस्त, तेच कधी कधी तुमचं काम अडवतं. दुबईत उलटं आहे. म्हणून आधी कामं लिहून काढा, मग सिम निवडा.

घरच्या सिमचं आधी बघा

बरेच जण विमानतळावर उतरल्या उतरल्या भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवतात. हे करू नका. ते सिम फोनमध्येच राहू द्या, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा. बहुतेक भारतीय कंपन्या परदेशात येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू केलेली असावी लागते. प्रीपेडवर काही वेळा त्यासाठी छोटा पॅक मारावा लागतो. हे काम घरी बसून, निघायच्या दोन-तीन दिवस आधी करा. तिकडे गेल्यावर कस्टमर केअरला फोन लावत बसणं म्हणजे डोकेदुखी. आणि हो, एसएमएस फुकट असला तरी आलेला फोन उचलला की पॅक नसेल तर मिनिटाला पैसे लागतात. "तुम्हाला लोन हवंय का" हे ऐकायला रोमिंगचे पैसे कशाला घालवायचे?

यूपीआय वापरणाऱ्यांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवा. ॲप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवतं आणि नंबर व फोनची जोडी पक्की करतं. परदेशात असताना ॲप काढून पुन्हा टाकलं, किंवा नवीन फोन घेऊन त्यात सुरू करायला गेलात, तर हा एसएमएस तिथून नीट जाईलच असं नाही. म्हणून दौऱ्यावर असताना बँकेच्या ॲपशी खेळ नको.

आता खरा अडणारा मुद्दा. ई-वे बिल. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्या करदात्यांना लॉगिनसाठी पासवर्डशिवाय दुसरी खातरजमाही करावी लागते. बहुतेक छोट्या धंद्यात तो ओटीपी मालकाच्याच मोबाईलवर येतो. समजा तुमचा इचलकरंजीला कापडाचा कारखाना आहे आणि तुम्ही ग्वांगझूच्या प्रदर्शनात मशीन बघताय. इकडे ट्रक भरला, मॅनेजर लॉगिन करतोय, ओटीपी तुमच्या फोनवर, आणि तुमचं सिम पाकिटात! गाडी संध्याकाळपर्यंत जागेवर. यावर उपाय सोपा आहे. पोर्टलवर मॅनेजरच्या नावाने सब-यूजर तयार करा. त्याचा ओटीपी त्याच्याच नंबरवर जातो. खरं तर परदेशी जाणार नसाल तरी हे आजच करून टाका.

दोन्ही खाच्यांत भारतीय सिम असतील तर?

आपल्याकडे हे फार कॉमन आहे. एक घरचा नंबर, एक दुकानाचा. मग परदेशी सिम टाकायचं कुठे? ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो तो तुमच्याबरोबर जाणार, यात वाद नाही. दुकानाच्या नंबरचं सिम एका जुन्या फोनमध्ये टाकून तो फोन दुकानातच विश्वासू माणसाकडे ठेवा. त्या नंबरचं व्हॉट्सॲप बिझनेस त्या फोनवर राहील आणि तुम्ही 'लिंक्ड डिव्हाइस'मधून तुमच्या फोनवर ते जोडून घ्या. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. फक्त मुख्य फोन नेटला जोडलेला राहू द्या. तो १४ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला की जोडलेली उपकरणं बाहेर फेकली जातात.

दुसरा मार्ग म्हणजे जुना हँडसेट बरोबर न्या, परदेशी सिम त्यात टाका आणि हॉटस्पॉट करून तुमचा नेहमीचा फोन त्यावर चालवा. दिसायला गावठी वाटतं, पण मला हाच प्रकार सगळ्यात बिनधास्त वाटतो. एक फोन हरवला तरी दुसरा असतो. चार्जर आणि पॉवर बँक मात्र विसरू नका. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.

ग्वांगझूला स्वस्त सिम का महागात पडतं

आपल्याकडचे छोटे उद्योजक पहिल्यांदा परदेशी माल बघायला जातात ते बहुधा चीनला. ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून भरतोय, वर्षातून दोनदा, एकदा वसंतात आणि एकदा ऑक्टोबरच्या सुमारास. तीन टप्प्यांत वेगवेगळा माल असतो. तिथे चायना मोबाईल, चायना युनिकॉम, चायना टेलिकॉम या तीन मोठ्या कंपन्या. पासपोर्ट दाखवून आणि चेहरा स्कॅन करून सिम मिळतं, डेटाही भरपूर मिळतो.

पण त्या सिमवर व्हॉट्सॲप चालत नाही. जीमेल नाही, गूगल मॅप नाही, यूट्यूब नाही. तिथल्या नेटवर्कवर ही सगळी सेवा अडवलेली आहे, आणि हॉटेलच्या वायफायवरही तोच अनुभव येतो. म्हणजे तुम्ही स्टॉलवर उभे, समोर सॅम्पल, आणि इकडे पार्टनरला फोटो पाठवून "हा रेट घेऊ का" एवढंही विचारता येत नाही. प्रदर्शनात भाव बोलण्याची वेळ तेवढीच असते. संध्याकाळी हॉटेलवर जाऊन विचारेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या पार्टीशी बोलायला लागलेला असतो.

भारतीय सिमच्या रोमिंग पॅकवर मात्र हेच ॲप साधारणपणे चालतात. कारण असं की रोमिंगमध्ये तुमचा डेटा आधी तुमच्या मूळ कंपनीच्या नेटवर्ककडे जातो आणि तिथून इंटरनेटवर पडतो. टपालाची बंद पिशवी समजा. चीनच्या पोस्टातून जाते, पण तिथे उघडत नाही, भारतात येऊन उघडते. हाँगकाँगचं सिम मुख्य चीनमध्ये रोमिंगवर वापरलं तर तसंच, आणि बाहेरच्या कंपनीच्या प्रवासी ई-सिमचंही बहुतेक वेळा तसंच. म्हणून चार-पाच दिवसांच्या कँटन फेअरसाठी माझं सरळ मत : भारतीय कंपनीचा रोमिंग डेटा पॅक घ्या. जीबीमागे महाग पडेल, पडू दे. तो खर्च दौऱ्याच्या खात्यात टाका, एका बरोबर घेतलेल्या रेटमध्ये वसूल होतो. "व्हीपीएन टाकू, काय होतंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. परक्या देशात कायद्याच्या भानगडीत पाय कशाला घालायचा?

मग चिनी सिम कधी घ्यायचं? प्रदर्शन झाल्यावर तुम्ही फोशानला टाइल्स किंवा फर्निचर बघायला जाणार, यीवूच्या बाजारात आठवडा काढणार, फॅक्टरीचा ड्रायव्हर स्टेशनवर घ्यायला येणार असेल, तर स्थानिक नंबर लागतो. ते दुसरं सिम म्हणून घ्या, मुख्य म्हणून नाही. आणखी एक : तिकडचे व्यापारी वीचॅटवर बोलतात, पण भारताने जून २०२० मध्ये ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं. त्यामुळे आपल्या नंबरवर वीचॅट चालेल या भरवशावर जाऊ नका. निघण्याआधीच सप्लायरला मेल करून विचारा की व्हॉट्सॲपवर बोलाल ना? निर्यात करणाऱ्या कंपन्यांच्या सेल्सवाल्यांकडे ते बहुधा असतंच.

दुबईत गणित उलटं

तासगावचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, मसाले घेऊन गल्फूडला जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जातं, पण तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. इंटरनेटवरून बोलायला बॉटिम, झूम, टीम्स अशा परवानगी असलेल्या सेवा वापरतात. आता डेरातल्या मसाला बाजारातला व्यापारी तुमचं झूम मीटिंगचं आमंत्रण उघडत बसणार आहे का? तो साधा फोन लावतो. आणि तुमचा नंबर +९१ वाला दिसला तर आयएसडी कशाला लावायचा म्हणून पुढच्या माणसाला लावतो.

म्हणून दुबईत स्थानिक सिम घ्याच, आणि घेताना जीबी नंतर बघा, आधी मिनिटं बघा. एतिसलात किंवा डू यांच्या अधिकृत काउंटरवर पासपोर्ट दाखवून पर्यटकांचं सिम मिळतं. विचारायचं एवढंच : स्थानिक कॉलची मिनिटं किती, भारतात कॉल करायची मिनिटं त्यात आहेत का, आणि मुदत किती दिवसांची. घरी पोहोचल्याचा फोनसुद्धा व्हॉट्सॲपवरून लागणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई काळजीत पडायची.

नंबर मिळाला की त्याच दिवशी ज्यांच्याशी भेटी ठरल्यात त्या सगळ्यांना व्हॉट्सॲपवर टाका : "अमुक तारखेपर्यंत दुबईत आहे, हा माझा इथला नंबर." व्हॉट्सॲप तुम्हाला विचारेल की नंबर बदललाय का, नवीन वापरायचा का? तिथे "नाही" दाबा. व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच राहू द्या.

बँकॉकसारख्या ठिकाणी एवढा विचार लागत नाही. प्रतुनामला रेडिमेड कपडे किंवा सांपेंगला दागिने-ॲक्सेसरी बघायला गेलात, तर एआयएस किंवा ट्रूचं टुरिस्ट सिम विमानतळावरच घ्या. सगळे ॲप चालतात. शहरात थोडं स्वस्त मिळेल, पण टॅक्सीवाल्याशी बोलायला पहिल्या तासातच नेट लागतं.

ई-सिम घेताना

निघण्याआधी घरीच क्यूआर स्कॅन करून ई-सिम टाकायची सोय चांगली आहे, त्यात शंका नाही. तुमचा फोन ते घेतो का हे बघायला डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर बहुधा घेतो. पण दोन गोष्टी. प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, त्याला फोन नंबर नसतो. म्हणजे चीनला चालेल, दुबईचं काम मात्र अर्धंच होईल. दुसरं, परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये दोन नावाजलेल्या परदेशी ई-सिम कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली होती. म्हणून विकणारा कोण आहे ते बघून घ्या, नुसत्या जाहिरातीला भुलू नका.

काउंटरवर

रस्त्यावर हातात सिमचा गठ्ठा घेऊन फिरणाऱ्याकडून, "पासपोर्टची गरज नाही" म्हणणाऱ्याकडून सिम घेऊ नका. ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असतं. उद्या त्या नंबरवरून काही भानगड निघाली, तर परक्या देशात समजावून सांगणार कुणाला? पासपोर्ट तुमच्या डोळ्यांसमोरच स्कॅन होऊ द्या. सिम चालू झाल्याशिवाय काउंटर सोडू नका. एक फोन लावून बघा, एक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून बघा, मग हला.

फोनच्या सेटिंगमध्ये डेटासाठी नवीन सिम निवडा. काही फोनमध्ये एका सिमची रेंज गेली की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जायची सोय असते, ती बंद करा. गूगल फोटोजचा बॅकअप आणि ॲपचे आपोआप होणारे अपडेट हॉटेलच्या वायफायपुरतेच ठेवा. नाहीतर रात्री तुम्ही झोपलेले असताना फोन दिवसभराचे सॅम्पलचे व्हिडिओ वर चढवत बसेल आणि सकाळी पॅक संपलेला.

शेवटचं, व्हिजिटिंग कार्डाचं. तिकडचा नंबर कार्डावर छापू नका. टुरिस्ट सिमची मुदत संपली की तो नंबर बंद होतो, आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. सहा महिन्यांनी तुमच्या ग्राहकाने ऑर्डरसाठी फोन लावला तर उचलणार भलताच माणूस. कार्डावर भारतीय नंबरच ठेवा, पुढे +९१ लिहून. तिकडचा नंबर भेटीच्या वेळी पेनने मागे लिहून द्या, तारखेसकट.