कोंडलेल्या धुराचा काळा

संपादकांनी ‘धुरात भाजलेली मडकी’ एवढाच विषय दिला. नागपूरजवळच्या माहुरझरीत सापडलेल्या, तोंडाशी काळ्या नि खाली तांबड्या भांड्यांपासून मी वाचायला घेतलं आणि जाऊन पोहोचले न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांदेकाठच्या सान इल्देफोन्सो या पुएब्लो आदिवासींच्या गावात.

इतिहास थोडक्यात आटपते. पुरातत्त्वज्ञ एडगर हेवेट यांना उत्खननात जुनी खापरं मिळाली. तशी भांडी घडवून पाहायला त्यांनी गावातल्या कुंभारीण मारिया मार्टिनेझ यांना सांगितलं. 1919 च्या आसपास मारिया आणि पती हुलियान यांना काळ्यावर काळी नक्षी साधली.

इथे चाक नाही. मातीत ज्वालामुखीची राख मिसळायची, वळ्या एकावर एक चढवायच्या, वाळक्या भोपळ्याच्या तुकड्याने भिंत खरवडून पातळ करायची. मी अडकले ती पुढच्या घोटाईत. पातळ मातीचा लेप द्यायचा आणि तो ओलसर आहे तोवर गुळगुळीत गोट्याने भांडं घोटायचं. मधे उठायची सोय नाही. लेप वाळला की सगळा काढून पुन्हा पहिल्यापासून. हे गोटे आईकडून लेकीकडे जातात, आपल्याकडे पाटल्या जातात तसे.

घोटलेल्या अंगावर हुलियान मातीच्याच लेपाने चितारत. त्यांचा आवडता अवान्यू, पाण्याचा शिंगाळ साप. कोरड्या ओढ्यातून अचानक लोटणाऱ्या पुरासारखा वळत जाणारा. चितारलेलं तेवढं निस्तेज राहतं, बाकीचं चकाकतं.

काळा रंग मात्र कुणी लावतच नाही. लाकूड आणि वाळल्या शेणाच्या जाळावर भांडं तापलं, की घोड्याची कुटलेली लीद ओतून आग गुदमरवायची. हवा तुटते, धूर कोंडतो, कार्बन मातीत मुरतो. तीच माती मोकळ्या हवेत भाजली तर तांबडी निघते.

फट राहिली तर हवा शिरते आणि डाग उठतो. भांड्यात ओल उरली असेल तर ते फुटतं. आत काय चाललंय ते ढीग उपसेपर्यंत कळत नाही. आच वाढवावी तर घोटाईची झिलई जाते. मंद ठेवावी तर भांडं पाझरतं. अंगावर पाण्याचा साप, पोटात पाणी ठरत नाही! गिऱ्हाईक शहरातलं, त्याला ते काचेच्या कपाटातच ठेवायचं होतं.

त्याला नावही हवं होतं. 1920 च्या दशकात मारिया भांड्यांवर सही करू लागल्या, तीसुद्धा ‘मारी’, गोऱ्यांच्या ओळखीची. 1943 मध्ये हुलियान गेल्यावर सून सांताना चितारू लागल्या. सहीने भाव वाढतो म्हणून शेजारणी आपली भांडी घेऊन आल्या, तर मारियांनी त्यांवरही सही करून दिली. कुठलं भांडं कुणाच्या हातचं, हा घोळ संग्राहकांनी निस्तरावा.