ऑपरेशनआधीचा आहार : काटा अडला म्हणून घाबरू नका

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळते, डॉक्टर आहाराचा कागद हातात देतात आणि घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, तेही दोन आठवडे. पहिले चार-पाच दिवस काटा भरभर खाली येतो, मग एकाच जागी थांबतो. घरचे म्हणतात, "चोरून खात असशील." रुग्णालाही वाटते, आपल्यातच दम नाही. मग तो एक तर पूर्ण उपाशी राहतो, नाही तर डॉक्टरांना खोटे सांगतो. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. म्हणून हा आहार कशासाठी असतो आणि काटा का अडतो, ते आम्ही इथे समजावून सांगत आहोत.

ऑपरेशन कोणासाठी?

हे ऑपरेशन सडपातळ दिसण्यासाठी नसते. वजनामुळे मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे असे आजार मागे लागतात, तेव्हा त्याचा विचार होतो. आपल्याकडचा रूढ हिशेब असा : पाच फूट उंचीच्या बाईचे वजन सुमारे ८७ किलो किंवा जास्त असेल, किंवा मधुमेहासारखा आजार असून ७५ किलोच्या वर असेल, तर डॉक्टर हा मार्ग सुचवू शकतात. यात जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करतात, किंवा जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडतात.

खरा हिशेब यकृताचा

जठराच्या वर यकृताचा डावा भाग पसरलेला असतो. वजन फार असले की यकृतात चरबी साठते, ते फुगते आणि जड होते. दुर्बिणीने ऑपरेशन करताना सर्जनला हेच यकृत उचलून धरावे लागते, तेव्हा कुठे जठर दिसते. यकृत मोठे असेल तर त्याला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कधी पोट उघडून ऑपरेशन करावे लागते, कधी ते थांबवावे लागते.

भाकर, भात, साखर कमी केली की यकृत आपल्याजवळचा साखरेचा साठा वापरू लागते. या साठ्याबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवलेले असते, तेही निघून जाते. पुढे यकृतातली चरबीही खर्च होते. दोन आठवड्यांत यकृत लहान आणि मऊ होते. म्हणजे हा आहार मुख्यतः यकृतासाठी आहे. काटा अडला तरी आत काम चालू असते.

काटा का अडतो?

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. समजा शरीर दिवसाला १८०० कॅलरी खर्च करते आणि आपण १००० खातो. रोजची तूट ८००. या हिशेबाने एक किलो चरबी जायला जवळपास दहा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात तीन-चार किलो उतरतात, त्यात बहुतेक पाणीच असते. ते गेले की काटा हळू होणारच. त्यात पाळी जवळ आली, शौचाला साफ झाली नाही, जेवणात मीठ वाढले, तर किलो-दीड किलो उलट वाढलेलेही दिसते. थायरॉइड, इन्सुलिन, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही वजन अडते. शिवाय कमी खाल्ले की शरीर भूक वाढवते आणि खर्च कमी करते. हा शरीराचा स्वभाव आहे, माणसाचा दोष नाही.

२०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या होत्या. ११ फेब्रुवारीला त्या आल्या आणि ऑपरेशन झाले ७ मार्चला. मधले दिवस त्यांना प्रथिने असलेल्या पातळ आहारावर ठेवले होते. त्या काळात बरेच वजन उतरले, पण त्यातही साठलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. त्यांना आधीपासून अनेक आजार होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबी इथे त्यांचे निधन झाले. ऑपरेशन ही जादू नव्हे, आणि आधीची तयारी टाळता येत नाही, एवढे यातून घ्यावे.

आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब

न दिसणाऱ्या कॅलरी आधी शोधा. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाचदा घेतला, तर नुसत्या साखरेच्या २०० कॅलरी होतात. मूठभर शेंगदाणे म्हणजे सुमारे १७०. ठेच्यावर तेल, भाजीत दाण्याचा कूट, पाहुण्याबरोबर घेतलेला अर्धा कप चहा, हे कोणी मोजत नाही.

महागड्या पावडरीचा डबा परवडत नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. एका दिवसाचा नमुना पाहा : दोन उकडलेली अंडी, ४० ग्रॅम सोयाबीन वडी, ४०० मिलिलिटर साय काढलेले दूध किंवा त्याचे दही, कोरडी ५० ग्रॅम मोजून घेतलेली डाळ, पालेभाजी व काकडी, अर्धी भाकर आणि दिवसभरात तेलाचे दोन छोटे चमचे. हे अंदाजे १००० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिने होतात. प्रथिने पुरेशी असली की स्नायू झिजत नाहीत आणि भूकही आवरते. मात्र तुमच्या डॉक्टरांचा कागद वेगळा असेल, फक्त पातळ घ्यायला सांगितले असेल, तर तोच पाळा.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. वरवट बकाल आणि संग्रामपूर तालुक्याचा हा परिसर खारपाणपट्ट्यातला, इथे किडनीचे रुग्ण बरेच आहेत. म्हणून प्रथिने वाढवण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनी अधू असेल तर प्रथिने किती आणि पाणी किती, हे डॉक्टरच ठरवतील.

हे लगेच कळवा

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केले, तर रक्तातली साखर घसरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. त्या वेळी आहार मोडला असे मानू नका. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. औषधांचा डोस आहार सुरू करण्याआधीच बदलून घ्यायचा असतो, पण स्वतःच्या मनाने नाही. खर्रा, तंबाखू, बिडी मात्र आजच बंद. त्याने जखम भरायला वेळ लागतो.

घराने काय करावे?

कोसलचा राजा प्रसेनजित फार जेवत असे. एकदा तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवणात मात्रा ओळखण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणाला तो पाठ करायला लावला आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितला. हळूहळू राजाचे जेवण कमी झाले आणि अंग हलके झाले, असे संयुत्त निकायात आले आहे. राजालासुद्धा आठवण करून देणारा सोबती लागला, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे घरची बाई सगळ्यांना वाढते आणि उरलेले शिळे टाकवत नाही म्हणून स्वतः खाते. तीच रुग्ण असेल तर हे दोन आठवडे स्वयंपाक दुसऱ्याने करावा. वस्तीतल्या कार्यक्रमात "एवढा एक घास घे" असा आग्रह करू नये. टोमणे तर मुळीच नकोत.

एक वही ठेवा. खाल्लेले सगळे लिहा, चुकून खाल्लेला लाडूही लिहा. वजन रोज नको, आठवड्यातून दोनदा सकाळी करा. साखर आणि रक्तदाब इथल्या ग्रामीण रुग्णालयात तपासता येतो. ऑपरेशन सरकारी योजनेत बसते का, हे मोठ्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि जाताना ती वही सर्जनसमोर उघडून ठेवा. आहार जमला नसेल तर तारीख थोडी पुढे जाईल, एवढेच. लपवले तर धोका टेबलावर कळेल.