जनरेटरचं पेट्रोल विहारात ठेवू नका

वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू असतं आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते. वडनेरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मग कुणाच्या तरी घरचा छोटा जनरेटर येतो. १४ एप्रिलला माईक-लायटिंगसाठी, अभ्यासिकेत परीक्षेच्या दिवसांत आणि घरी कुणी आजारी असेल तेव्हाही तोच लागतो. मशीन कुठून आणायचं यावर मीटिंगमध्ये तासभर चर्चा होते. इंधनाचं काम मात्र मंडळातल्या सगळ्यात लहान पोराकडे जातं आणि तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल घेऊन येतो. हा लेख त्या पोरासाठी आहे.

पेट्रोल जळतं म्हणजे खरं तर त्याची वाफ जळते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते, म्हणजे आपल्याकडे वर्षाचे बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. खोलीच्या एका कोपऱ्यात कॅन सैल झाकणाची आणि दुसऱ्या कोपऱ्यात मेणबत्ती किंवा अगरबत्ती, एवढं पुरतं. विहारात या दोन्ही गोष्टी रोजच्याच, म्हणून तिथल्या सामानाच्या खोलीत पेट्रोल ठेवणं घरापेक्षाही धोक्याचं.

डिझेल त्या मानानं बरं. पण 'डिझेल पेटत नाही' हा समज सोडा. आपल्याकडच्या डिझेलला किमान ३५ अंशांचा ज्वलनबिंदू ठरवून दिलेला आहे. वर्धा जिल्ह्यातला मे महिना आठवा : बाहेर ४५, टिनाच्या बंद खोलीत त्याहून जास्त. तिथं ठेवलेलं डिझेलही पेट घेण्याजोगी वाफ सोडू शकतं.

मग निवडायचं काय? चार दिवे, पंखे आणि माईक एवढंच असेल तर लहान पेट्रोल जनरेटर पुरतो. एक केव्हीएचं मशीन तासाला साधारण अर्धा लिटर घेतं. अभ्यासिका रोज तासन्‌तास चालवायची असेल तर डिझेल परवडतं आणि ते टिकतंही जास्त. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. जयंतीचं उरलेलं पेट्रोल वर्षावासापर्यंत ठेवलं तर मशीन ऐनवेळी दगा देऊ शकतं. ते तेव्हाच कुणाच्या तरी मोटारसायकलमध्ये ओतून संपवा. घरगुती गॅस सिलिंडर जनरेटरला जोडण्याची युक्ती कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. ते धोक्याचं आहे आणि बेकायदाही.

कायदाही माहीत असू द्या. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येतं. भांडं घट्ट बुचाचं हवं : काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. या यादीत प्लास्टिकचं नावच नाही. पण ३० लिटरची मुभा आहे म्हणून तेवढं भरून ठेवायचं कशाला? वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे, इंधन मिळायला लांब जावं लागत नाही. एका कार्यक्रमाला चार-पाच लिटर खूप झालं. त्यापुरतंच आणा.

आणलेली धातूची कॅन काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं; २० लिटर पेट्रोल २५ अंशांवरून ४५ वर गेलं तर जवळपास ४०० मिली वाढतं आणि जागा नसेल तर झाकणातून बाहेर येतं. पंपावर भरताना कॅन गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याची भीती कमी होते. ठेवायची जागा घराबाहेर, सावलीत, हवा खेळती असलेली आणि लहान मुलांच्या हाताबाहेरची हवी. स्वयंपाकघर, जिन्याखालची जागा आणि देवळी नको. कॅनवर मोठ्या अक्षरात 'पेट्रोल' लिहा. पाण्याची बाटली समजून प्यायलेली माणसं दवाखान्यात येतात.

सगळ्यात जास्त घाई होते ती मध्येच इंधन संपल्यावर. गाणं थांबलेलं, लोक ओरडताहेत आणि पोरगा मोबाईलच्या उजेडात गरम मशीनमध्ये पेट्रोल ओततोय. मशीन बंद करा, १५ मिनिटं थांबा, मग ओता. ओतणाऱ्याच्या जवळ कुणी बिडी-सिगारेट पेटवू नये. आग लागलीच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. वाळूची बादली किंवा पावडरचं अग्निशामक जवळ हवं.

जनरेटर स्वतः उघड्यावर, दार-खिडकीपासून किमान २० फूट लांब ठेवा. पावसात भिजू नये म्हणून तो व्हरांड्यात किंवा खोलीत ओढला जातो, आणि तिथंच घात होतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठतच नाही. पाऊस असेल तर मशीनवर चारही बाजूंनी उघडं छप्पर करा, वायर लांब घ्या.

पुढच्या मीटिंगमध्ये माईकवाल्याचं नाव ठरेल तेव्हाच इंधनाची जबाबदारी कुणा जाणत्या माणसाकडे देऊन टाका.