नमुन्याची पार्श्वभूमी आणि पेप्टाइडांचे मापन

नंदगड परिसरातील कोणत्याही वर्गात सहज करून दाखवता येईल असा एक प्रयोग आहे. दोन परीक्षानळ्यांपैकी एकीत ऊर्ध्वपातित पाणी व दुसरीत दुष्फेन पाणी घ्यावे, दोहोंत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून त्या हलवाव्यात. दुसऱ्या नळीत फेस कमी येतो. साबण तितकाच असतो, फरक पाण्याचा असतो. केवळ फेसावरून साबणाचे प्रमाण ठरवले, तर उत्तर चुकेल. मास स्पेक्ट्रोमेट्रीने पेप्टाइड मोजतानाही हीच अडचण येते. कारण वेगळे असले तरी परिणाम सारखाच असतो. तिला 'मॅट्रिक्स परिणाम' म्हणतात.

कारण : हे यंत्र रेणू थेट मोजत नाही, आयन मोजते. इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत द्रावणाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब तयार होतात व ते आटत जाऊन आयन बाहेर पडतात. या पद्धतीसाठी जॉन फेन यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. थेंबावरील विद्युतभार आणि पृष्ठभाग मर्यादित असतात. क्षार, फॉस्फोलिपिड किंवा इतर पेप्टाइड त्याच वेळी थेंबात असतील, तर ते त्यात वाटेकरी होतात आणि इष्ट पेप्टाइडाचा संकेत दबतो.

रक्ताच्या नमुन्यात ही स्पर्धा फार विषम असते. एक मिलिलिटर सीरममध्ये अल्ब्युमिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते, तर निरोगी व्यक्तीचे उपाशीपोटीचे इन्सुलिन सर्वसाधारणपणे एका नॅनोग्रॅमहूनही कमी, म्हणजे अल्ब्युमिन चार कोटी पटींहून अधिक असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मधुमेहाच्या संदर्भात अल्ब्युमिनच्या ग्लायकेटेड पेप्टाइडांचा अभ्यास झाला आहे. अशा अभ्यासांतही साखर जोडलेली थोडी पेप्टाइडे साखर न जोडलेल्या असंख्य पेप्टाइडांच्या गर्दीतून शोधावी लागतात.

परिणामाचे मोजमाप : समजा, एका पेप्टाइडाचा संकेत शुद्ध द्रावकात १०० एकक आहे. तितकेच पेप्टाइड स्वच्छ केलेल्या सीरममध्ये मिसळल्यावर तो ६० एकक आला, तर संकेत ४० टक्के दबला. प्रमाणित द्रावण शुद्ध द्रावकात केले असेल, तर १० नॅनोग्रॅमचे उत्तर ६ नॅनोग्रॅम येईल. रुग्णाच्या निदानात हा फरक क्षुल्लक नाही.

उपाय : पहिला उपाय म्हणजे नमुना स्वच्छ करणे व क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे करणे. दुसरा, प्रमाणित द्रावणे नमुन्यासारख्याच पार्श्वभूमीत तयार करणे. तिसरा व सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ ही समस्थानिके असलेले तेच पेप्टाइड ज्ञात प्रमाणात मिसळणे. ते रासायनिकदृष्ट्या जुळे असल्याने इष्ट पेप्टाइडाबरोबरच बाहेर पडते आणि तितकेच दबते. वस्तुमान वेगळे असल्याने यंत्र मात्र दोघांना ओळखते. वरील उदाहरणात दोघांचेही संकेत ६० टक्क्यांवर आले, तरी त्यांचे गुणोत्तर तेच राहते.

यालाही मर्यादा आहे. हे जुळे पेप्टाइड मिसळण्यापूर्वी झालेली घट त्यातून कळत नाही. तसेच संकेत अतिशय दबून मापनक्षमतेच्या खाली गेला, तर गुणोत्तरही उपयोगी पडत नाही. म्हणून स्वच्छतेची पायरी गाळता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावयाची गोष्ट एवढीच, की यंत्राने दिलेला आकडा एकट्या पेप्टाइडाचा नसतो, त्यात पार्श्वभूमीचाही वाटा असतो. तो वाटा तपासल्यावरच आकड्यावर विसंबावे.