जुन्या ट्रकचे टायर आणि डिस्क : घेण्यापूर्वी

माप : ९.००-२० म्हणजे टायरची रुंदी साधारण ९ इंच, रिमचा व्यास २० इंच. मधे आडवी रेघ असेल तर नायलॉन, ‘आर’ असेल तर रेडियल. एका ॲक्सलवर दोन्ही मिसळू नयेत.

गाडी : टेल्को (पुढे टाटा मोटर्स) व डेमलर-बेन्झ यांचा ट्रक बनवण्याचा करार १९५४चा, १९६९पर्यंत चालला. त्या काळच्या ट्रकना बहुधा ८.२५-२० किंवा ९.००-२०. सहा चाके, एक स्टेपनी.

वय : साइडवॉलवरचे चार अंक पाहा. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही खोल असो, टायर घेऊ नये.

रिमोल्ड : झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणे; खर्च वाचवायचा सर्वांत चांगला मार्ग. गरम पद्धतीत कच्चे रबर साच्यात भाजतात. थंड पद्धतीत तयार नक्षीची पट्टी चिकटवून कमी उष्णतेवर पक्की करतात. मागच्या चाकांना रिमोल्ड चालते. पुढच्यांना मात्र नवाच टायर हवा. ट्यूब आणि फ्लॅपही नवेच घ्यावेत.

डिस्क : जुनी डिस्क (टायर बसतो ते लोखंडी चाक) तुकड्यांची असते : मुख्य रिम, बाजूची रिंग, लॉक. एका रिमचा लॉक दुसरीला ‘बसतो’ म्हणून बसवू नये. हवा भरताना तो गोळीसारखा सुटतो आणि माणूस दगावतो. गंज, तडे, लांबट झालेली बोल्टची भोके तपासावीत.

कुठे : उदगीरकरांना लातूर, नांदेड जवळ, कर्नाटकच्या सीमेपलीकडे बीदर, पुढे हैदराबाद. जाताना जुन्या डिस्कच्या भोकांची संख्या आणि मधल्या भोकाचे माप लिहून न्यावे.

हवा नेहमी लोखंडी पिंजऱ्यात भरून घ्या.